परदेशातली पहिली नोकरी: 'हो' कळवण्याआधी कागद वाचा

पदवीचे निकाल लागले की दोन-तीन महिन्यांत बऱ्याच घरांत फोन येऊ लागतात. कधी शारजाहून मामूंचा, कधी दोह्यातल्या शेजाऱ्याचा, कधी मुंबईच्या एखाद्या एजंटचा. "पोराचं काम झालं, पासपोर्टची कॉपी पाठवा." घरात आनंद होतो, अम्मी शुक्राने की नमाज पढते, नातेवाइकांना फोन जातात. पण उत्तर दोन दिवसांत द्यायचं असतं, आणि या गडबडीत ऑफर लेटर मात्र कुणी नीट वाचलेलं नसतं.

आम्ही शाळेत शिकवतो. दहावी करून गेलेली मुलं-मुली पदवी झाल्यावर असे कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "एकदा बघून सांगा." ते कागद वाचताना आमच्या लक्षात येतं की देश कोणता हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण नोकरी नेमकी काय हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून हा लेख. परदेशात जावं की जाऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. हातात आलेली ऑफर कशी तोलायची, एवढंच सांगायचं आहे. आपल्याकडची जास्त मुलं यूएईत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'दुबई'त जातात, म्हणून उदाहरणं मुख्यतः तिथलीच घेतली आहेत.

जुनी वाट, नवा प्रवासी

रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या भागातल्या आपल्या लोकांना परदेश नवा नाही. आधीच्या पिढ्यांतली माणसं मुंबई बंदरातून जहाजांवर खलाशी म्हणून गेली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं सुरू झाली, तेव्हा गवंडी, सुतार, ड्रायव्हर, शिंपी, मेकॅनिक गेले. गावातली किती तरी पक्की घरं त्या कमाईवर उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, भावांची शिक्षणं झाली. ही हलाल मेहनतीची कमाई होती आणि तिचं मोल कमी करून चालणार नाही.

आज जाणारा मुलगा मात्र वेगळा आहे. तो बी.कॉम. आहे, इंजिनिअर आहे, फार्मसी किंवा आयटी झालेला आहे. मुलीही नर्सिंग, शिक्षण आणि आयटीच्या नोकऱ्यांसाठी जातात. प्रवासी बदलला, पण घरातले प्रश्न तेच राहिले: पगार किती, ओळखीचं कोण आहे, तिकीट कधीचं? चाळीस वर्षांपूर्वी हे प्रश्न पुरत होते. पदवीधरासाठी ते पुरत नाहीत, आणि त्याचं एक कारण पासपोर्टमध्येच आहे.

शिक्का नाही, म्हणजे तपासणीही नाही

आपल्या देशात १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. कमी शिकलेल्या कामगारांची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून त्यात एक व्यवस्था केली आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असं छापलेलं असतं. त्याला सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं असेल, तर आधी सरकारची मंजुरी लागते. 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याकडून ती मिळते आणि त्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. म्हणजे निदान एक सरकारी नजर त्या कागदावरून फिरते.

दहावी पास झालेल्याला ही मंजुरी साधारणपणे लागत नाही. त्याच्या पासपोर्टवर शिक्का नसतो. पूर्वी 'ईसीएनआर' असा शिक्का मारत. २००७ पासून तोही बंद झाला. आता कोरं असणं म्हणजेच ईसीएनआर. आपल्या घरांत याचा मोठा अभिमान असतो. "आमच्या पोराला काही लागत नाही, तिकीट काढलं की गेला." अभिमान बरोबर आहे, पण अर्थ दुसऱ्या बाजूनेही समजून घ्यायला हवा. पदवीधर मुलाचा करार विमानात बसण्याआधी सहसा कुठलाच सरकारी अधिकारी तपासत नाही. शिकलेला माणूस स्वतःचा कागद स्वतः वाचेल, असं कायदा गृहीत धरतो. वाचलाच नाही, तर दहावी नापास मजुराला जेवढं संरक्षण मिळतं, तेवढंही आपल्या इंजिनिअर मुलाला मिळत नाही.

म्हणून ही तपासणी घरातच करायची. ती कशी, ते पुढे बघू.

तीन कागद, एकच मजकूर

परदेशी नोकरीत तीन कागद महत्त्वाचे: ऑफर लेटर, करार आणि व्हिसा. तिन्हींवर कंपनीचं नाव, पद आणि पगार सारखाच असला पाहिजे. फोनवर सांगितलेला पगार हा कागद नव्हे. व्हॉट्सअपवर आलेला मेसेजही कागद नव्हे.

यूएईत बहुतेक खासगी कंपन्यांना कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर द्यावं लागतं. उमेदवाराने त्यावर सही केल्यावर वर्क परमिटचं काम पुढे सरकतं, आणि नंतरच्या करारात ऑफरपेक्षा कमी सवलती टाकता येत नाहीत. हा नमुना अरबी-इंग्रजीबरोबर उर्दू आणि हिंदीतही मिळतो. आपल्या घरांत उर्दू वाचणारी माणसं असतातच. इंग्रजी अडत असेल तर उर्दू नमुना मागून घ्या आणि दादा-नानांपासून सगळ्यांनी बसून वाचा.

"तिथे पोचल्यावर सही करू", "आत्ता फक्त कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या", अशी उत्तरं मिळाली तर थांबा. आणि मुलाला व्हिजिट व्हिसावर बोलावून "लगेच कामाला लाव, व्हिसा नंतर बदलू" असं कुणी म्हणत असेल, तर तो कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे. नोकरी शोधायला, मुलाखत द्यायला जाणं वेगळं. कामावर उभं राहणं वेगळं. तसं काम करणाऱ्याचा पगार बुडाला तर दाद मागायची वाट फार अवघड होते.

'आझाद व्हिसा' हा शब्दही आपल्याकडे अजून चालतो. कागदावर एक मालक, प्रत्यक्षात त्याच्याकडे काम नाही, आणि मुलाने बाहेर कुठेही कमवावं, असा हा प्रकार. व्हिसाला 'आझाद' म्हणतात, पण त्यावर गेलेला माणूस आझाद नसतो. पकडला गेला तर दंड त्याला, परतीचं तिकीट त्याला. पदवी घेऊन या वाटेने जाण्याचं काही कारण नाही.

बेसिक किती, हा पहिला प्रश्न

ऑफरमध्ये पगाराचा एकूण आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याखाली फोड असते: बेसिक, घरभाडं, प्रवास, इतर. बरेच लोक ही फोड बघतच नाहीत. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात.

यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा असून तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. आता समजा दोन कंपन्यांनी ४,००० दिरहामच दिले. एकीचा बेसिक ३,०००, दुसरीचा २,०००. पहिल्या ठिकाणी वर्षाला २,१०० दिरहाम जमतात, दुसऱ्या ठिकाणी १,४००. पगार सारखाच, पण दोन वर्षांत १,४०० दिरहामांचा फरक. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडात दर महिन्याला मालकाचाही वाटा जमा होतो. तिथे परदेशी कामगाराला असा फंड सहसा नसतो, म्हणून ग्रॅच्युइटीचं महत्त्व जास्त.

याशिवाय चार गोष्टी लेखी आहेत का बघा. आरोग्य विमा कंपनी देते का? १ जानेवारी २०२५ पासून यूएईच्या सर्व अमिरातींत खासगी कंपन्यांना तो देणं बंधनकारक आहे. वर्षाची रजा किती? कायद्याने एक वर्षानंतर ३० दिवस. घरी येण्याचं तिकीट कोण देणार आणि किती वर्षांनी? कामाचे तास किती? कायद्यात साधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची आहे. जुम्याच्या नमाजची वेळ आणि रमजानमधले कामाचे तास हेही विचारायला लाजू नका. तिथल्या कायद्यात रमजानमध्ये रोजचे दोन तास कमी केलेले आहेत.

९२ हजार ऐकू येतात, उरतात किती?

घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ४,००० दिरहाम म्हटलं की कुणी तरी मोबाइलवर गुणाकार करतं आणि आकडा गावभर होतो. हिशेबासाठी एक दिरहाम २३ रुपये धरू. ४,००० दिरहाम म्हणजे ९२,००० रुपये. आता खर्च मांडू. आकडे आम्ही नमुन्यासाठी घेतले आहेत. तुमच्या शहरानुसार, सोयीनुसार तुम्ही तुमचे घाला.

कंपनी राहायची जागा देत नसेल, तर एका खोलीत चार-सहा जणांत एक खाट, म्हणजे तिथे ज्याला 'बेड स्पेस' म्हणतात, त्याचे ९०० धरा. जेवण ७००. मेट्रो-बस ३५०. फोन, कपडे, औषध, सलून असं मिळून ३५०. एकूण २,३००. उरले १,७०० दिरहाम, म्हणजे ३९,१०० रुपये.

त्याच मुलाला पुण्यात २५,००० रुपये हातात मिळणारी नोकरी आहे. खोली, मेस, प्रवास धरून १३,००० गेले. उरले १२,०००. म्हणजे खरी तुलना ९२ हजार विरुद्ध २५ हजार अशी नाही. ती ३९ हजार विरुद्ध १२ हजार अशी आहे. फरक तरीही मोठा आहे, महिन्याला २७ हजारांचा. कंपनीने राहायची जागा दिली तर उरणारी रक्कम ५९,८०० वर जाते. म्हणून राहायची जागा मिळणं ही जवळजवळ पगारवाढच समजा.

आता ऑफर २,५०० दिरहामची धरून बघा. रुपयांत ५७,५००. ऐकायला पुण्याच्या दुप्पट. पण २,३०० खर्च गेल्यावर उरतात २०० दिरहाम, म्हणजे ४,६०० रुपये. पुण्यात १२,००० उरत होते. हा मुलगा घरापासून दूर जाऊन, सहा जणांच्या खोलीत राहून, कमी शिल्लक टाकणार. हा गुणाकार आधी केला असता तर बरेच तरुण वेगळा निर्णय घेतील, असं आम्हाला वाटतं.

दोन वर्षांत काय शिकणार?

शिल्लक महत्त्वाची, पण पहिल्या नोकरीत त्याहून महत्त्वाचं काही असेल तर ते काम. पदवी झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं माणूस हाताने काम शिकतो. बी.कॉम. झालेली मुलगी ऑडिट आणि टॅक्स शिकली तर पुढची तीस वर्षं ते चालतं. सिव्हिल इंजिनिअर साइटवर ड्रॉइंग वाचून काम करून घ्यायला शिकला, तर कुठेही जाऊ शकतो.

ऑफरवर 'अकाउंटंट' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दुकानाच्या गल्ल्यावर बसवतात. 'इंजिनिअर' म्हणून बोलावतात आणि व्हिसावर पद वेगळंच निघतं. गल्ल्यावर बसणं कमीपणाचं नाही, मेहनतीचं कुठलंच काम कमीपणाचं नसतं. पण दोन वर्षांनी दुसरीकडे अर्ज करताना अकाउंटंटचा अनुभव दाखवता येणार नाही. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: रोज सकाळी आल्यावर मी काय करणार? माझ्या वर कोण? कोणतं सॉफ्टवेअर, कोणती मशीन, कोणता प्रोजेक्ट? उत्तर द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजा.

काही व्यवसायांत पदवी पुरत नाही, तिथला परवाना लागतो. सौदीत इंजिनिअर म्हणून काम करायला सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी लागते. नर्स, फार्मासिस्ट यांना सौदीत आरोग्य आयोगाची नोंदणी, दुबईत आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी आधीचा अनुभवही मागतात. परवान्याशिवाय नेणारा माणूस त्या पदावर नेत नाही, हे पक्कं धरून चाला.

पदवी प्रमाणपत्राचं अटेस्टेशनही आधीच करून ठेवा. यूएईसाठी प्रमाणपत्राची आधी राज्य सरकारकडे पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, असा क्रम आहे. सौदी, ओमान आणि बहरीन अपोस्टिल मानतात, त्यामुळे तिथे दूतावासाची पायरी सहसा लागत नाही. याला वेळ लागतो. ऑफर आल्यावर घाईत एजंटच्या हाती मूळ प्रमाणपत्रं देण्यापेक्षा, निकाल लागल्यावर दोन महिन्यांत स्वतः करून घेतलेलं बरं.

पैसे कोण देणार?

यूएईच्या कायद्यात कामगार भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे; तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर आहे. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे जुळवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. शंका असेल तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात विचारता येतं.

दीड-दोन लाख मागणारा एजंट 'व्हिसाचे पैसे' म्हणत असेल, तर तो व्हिसा विकतो आहे. त्यासाठी अम्मीचे दागिने गहाण पडतात, व्याजाने पैसे उचलले जातात. व्याजाच्या कर्जावर गेलेल्या मुलाला वाईट मालक सोडताही येत नाही, कारण हप्ता थांबत नाही. ही अडकणूक मालकापेक्षा कर्जाची जास्त असते.

आयटी आणि कॉम्प्युटर झालेल्यांनी आणखी एका गोष्टीपासून सावध राहावं. 'थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी, मोठा पगार, लगेच जॉइनिंग' अशा ऑफरी देऊन तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेलं गेलं आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीचं काम जबरदस्तीने करून घेतलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल सूचना काढली होती. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून परत आणावं लागलं. ही फसवणूक शिकलेल्या मुलांना समोर ठेवूनच रचलेली होती. म्हणून देश कोणताही असो, कंपनीची नोंदणी, पत्ता आणि तिथे आज काम करणारा एखादा माणूस, हे तीन तपासल्याशिवाय निघू नका.

जमलं नाही तर?

हा प्रश्न घरात कुणी काढत नाही, अपशकुन वाटतो. पण करारात तो आधीच लिहिलेला असतो. यूएईत प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात नोकरी सोडून देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. तिथेच दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, आणि भरतीचा खर्च नव्या मालकाने भरून द्यायचा. नोटीस न देता निघून गेलं तर एक वर्ष वर्क परमिट मिळत नाही. म्हणून कंटाळून कामावर जाणं बंद करणं हा मार्ग नाही. लेखी नोटीस द्यायची आणि त्याची प्रत जवळ ठेवायची.

पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आणि कामगाराची कागदपत्रं अडवून ठेवायला यूएईच्या कायद्यातही मनाई आहे. पगार बँकेतून येतो ना, हे पहिल्याच महिन्यात बघा; रोख घेऊन दुसऱ्या रकमेवर सही करू नका. २०२३ पासून तिथे नोकरी गेल्यास मिळणारा एक विमा आहे. १६,००० दिरहामपर्यंत बेसिक असणाऱ्याला महिन्याला फक्त ५ दिरहाम भरावे लागतात. सलग बारा महिने भरल्यावर स्वतःची चूक नसताना नोकरी गेली, तर जास्तीत जास्त तीन महिने बेसिकच्या ६० टक्के रक्कम मिळते. तो कामगाराने स्वतः घ्यायचा असतो आणि नाही घेतला तर दंड आहे. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनवाले मात्र पहिल्या पगारापासून मागे लागतात. कर्ज थकलं तर देश सोडायला बंदी येऊ शकते, एवढं मुलाला निघताना नक्की सांगा.

अडचण आलीच तर भारतीय वाणिज्य दूतावास आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. सगळ्या कागदांचे फोटो घरच्या एका माणसाकडे असू द्या.

निघाल्यावर बँकेलाही कळवायचं असतं. नोकरीसाठी बाहेर राहायला गेलेल्याने साधं बचत खातं तसंच चालवू नये. ते एनआरओ करून घ्यावं आणि परदेशी कमाईसाठी एनआरई खातं उघडावं. एनआरई खात्यावरच्या व्याजाला भारतात आयकर नाही. पण व्याज घ्यायचं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या दीनाचा प्रश्न. पैसे घरच्यांच्या नावावर न टाकता मुलाच्याच खात्यात यावेत आणि घरखर्चाची रक्कम ठरवून पुढे जावी, असं आम्ही सुचवू.

घरातला मशवरा

इस्तिखारा करावा, जरूर करावा. पण इस्तिखारा कागद वाचण्याच्या बदल्यात नसतो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. आणि देणंघेणं लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनच्या सर्वात लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आला आहे. तरी "आपलाच माणूस आहे, लिहून कशाला घ्यायचं" असं म्हणत आपण नोकरीचा करार तोंडी ठरवतो. ओळखीच्या माणसाचा मान राखूनही कागद मागता येतो. खरा हितचिंतक त्याचं वाईट वाटून घेणार नाही.

मशवऱ्याला चार माणसं बसवा: मुलगा किंवा मुलगी स्वतः, अब्बा-अम्मी, त्या देशात सध्या नोकरी करणारं कुणी, आणि त्या विषयातलं जाणकार कुणी, कॉलेजचे शिक्षक असले तरी चालतील. वीस वर्षांपूर्वी परत आलेल्या चाचांचा अनुभव मोलाचा आहे, पण कायदे तेव्हाचे राहिलेले नाहीत. आणि जाणाऱ्याला शेवटी नाही तर आधी बोलू द्या. "सगळ्यांचं ठरलं" असं ऐकून गेलेली मुलं तिथल्या अडचणी घरी सांगत नाहीत.

मुलीच्या ऑफरबाबत काही घरं वाचल्याशिवायच नाही म्हणतात. आमचं म्हणणं एवढंच की जे प्रश्न मुलाच्या ऑफरला विचारता तेच तिच्याही ऑफरला विचारा. राहायची सोय, रात्रपाळी, येण्या-जाण्याची गाडी, हे जादा विचारा. उत्तरं समाधानकारक असतील तर निर्णय कागदावरून घ्या.

अपेक्षांचाही हिशेब आधी करा. पहिल्या वर्षी घराचा स्लॅब, दुसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न, शिवाय गावच्या जमातीची वर्गणी, असं सगळं ३९ हजारांवर लादलं तर तो मुलगा नोकरी कधीच बदलू शकणार नाही, पुढे शिकूही शकणार नाही. महिन्याला घरी किती पाठवायचे आणि त्याच्याजवळ किती राहू द्यायचे, हे निघण्याआधी ठरलेलं बरं.

कधी हो, कधी नाही

ऑफर मंत्रालयाच्या नमुन्यात आहे, तिन्ही कागद जुळतात, काम तुमच्या शिक्षणाचं आहे, जागा आणि विमा कंपनी देते, एजंटला कायद्याबाहेर एक रुपया द्यावा लागत नाही, आणि खर्च जाऊन उरणारी रक्कम इथल्यापेक्षा बरीच जास्त आहे. अशी ऑफर असेल तर बिस्मिल्ला करा.

शिल्लक थोडीच जास्त पण काम शिकण्यासारखं असेल, तरी जायला हरकत नाही. शिल्लक जास्त पण काम शिक्षणाशी संबंध नसलेलं असेल, तर घरची खरी निकड किती आहे ते बघून ठरवा, आणि किती वर्षं करायचं तेही आत्ताच ठरवा. कर्ज काढून जावं लागत असेल, व्हिजिट व्हिसावर काम करावं लागत असेल, किंवा करार दाखवत नसतील, तर पगार कितीही असो, नाही म्हणा.

नाही म्हणणं म्हणजे रोजीला लाथ मारणं नव्हे. पुण्यात, मुंबईत, रत्नागिरीत दोन वर्षं नीट काम केलेल्या मुलाला तोच देश पुढे अनुभवी म्हणून बोलावतो, तेव्हा पगाराची बोलणी करायला त्याच्या हातात काही असतं. आज घरात ऑफर आली असेल, तर उत्तर कळवायला चार दिवस मागून घ्या. बेसिक, जागा, विमा, पद, खर्च आणि शिल्लक, हे सहा आकडे-शब्द एका वहीच्या पानावर लिहा. समोर इथल्या नोकरीचे तेच सहा लिहा. मग ते पान मध्ये ठेवून सगळे बसा.